गळा मालनबाईंचा, सही विकीची

आमच्या हॉस्पिटलात बायोएथिक्स सगळ्यांना येतं. हे मी ऐकीव सांगत नाही, परीक्षा मीच घेतली होती. तपासणीवाले येणार म्हटलं की मॅनेजमेंटला जाग येते, भिंतींना रंग लागतो, जिन्यातले खोके हलतात आणि फर्मान निघतं, की म्हापसेकर सिस्टर, स्टाफचं ट्रेनिंग उरकून घ्या. मी सुलक्षणा म्हापसेकर. मुलुंडच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आधी वॉर्डात होते, गुडघ्यांनी दगा दिल्यावर नर्सेसना शिकवायच्या कामावर आले.

या खेपेला विषय होता बायोएथिक्स, म्हणजे उपचार करतानाची नीती. मी पडद्यावर चित्रं दाखवली, साध्या मराठीत समजावलं आणि शेवटी प्रश्नपत्रिका वाटली. पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, त्याला सगळं समजतंय, तर ऑपरेशनला संमती कोणी द्यायची? नवऱ्याने, मुलाने, डॉक्टरने की पेशंटने स्वतः? एकजात सगळ्यांनी शेवटच्या उत्तरावर खूण केली. हॉस्पिटलात एथिक्स कमिटी कशासाठी असते, हेही झकास लिहिलं. सर्जिकल वॉर्डाची इनचार्ज माधुरी पहिली आली. तिला स्टीलची पाण्याची बाटली बक्षीस मिळाली, फोटो निघाले आणि सामोसे खाऊन सगळे आपापल्या कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माधुरीच्याच वॉर्डात नवीन मुलींचं ड्रेसिंग बघायला गेले होते. खिडकीजवळच्या खाटेवरून एका बाईने मला हाक मारली. हाक कसली, नुसती खरखर.

"सिस्टर, जरा इकडे या ना. उद्या माझं गाठीचं ऑपरेशन आहे. गाठ निघाली की आवाज कधी मोकळा होईल?"

पन्नाशी उलटलेली बाई, केस घट्ट बांधलेले, मांडीवर घडी केलेला पेपर. नाव मालन उबाळे, राहणार भांडुप, टेंभीपाड्याच्या चढावर. मी म्हटलं, बघून सांगते, आणि टेबलापाशी जाऊन फाईल उघडली. स्वरयंत्राचा कॅन्सर होता. उद्या सकाळी स्वरयंत्र पूर्ण काढून टाकायचं ठरलं होतं. गळ्याला कायमचं छिद्र राहणार, श्वास तिथूनच घ्यायचा. म्हणजे आवाज मोकळा होणार नव्हता, तो जाणारच होता. संमतीच्या कागदावर सही होती विकी धोंडिराम उबाळे याची. नातं, मुलगा.

"माधुरी, या बाईंना काय सांगितलंय?"

"गाठ म्हणून सांगितलंय मॅडम. पार्टीने सांगितलंय, पेशंटला काही बोलायचं नाही."

पार्टी म्हणजे नातेवाईक. आमच्याकडे पेशंट वेगळा आणि त्याची पार्टी वेगळी. आजार पेशंटला होतो आणि बोलणं सगळं पार्टीशी चालतं. पेशंट मधल्यामध्ये खाटेवर बसून मोसंबी सोलत असतो.

"बाई शुद्धीवर आहे ना? पेपर वाचतेय."

"हो, फुल शुद्धीवर आहे."

"मग काल तू कुठल्या उत्तरावर खूण केलीस?"

माधुरी हसली. मुलगी वाईट नाही, रात्रपाळीत पेशंटच्या उशाशी बसून राहणाऱ्यातली आहे. म्हणाली, "ते क्लासचं झालं ना मॅडम. इथे तसं थोडंच चालतं? उद्या पेशंट घाबरून पळाली तर कर्णिक सर मलाच झापणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला काही ठाऊक नसतं तर मी समजू शकले असते. इथे तर ठाऊक होतं, पैकीच्या पैकी ठाऊक होतं, आणि ते बक्षिसाच्या बाटलीत भरून टेबलावर ठेवून दिलेलं होतं.

दुपारी भेटीच्या वेळेला मी मुद्दाम परत गेले. विकी आला होता. अंधेरीला एका कुरियर कंपनीत काम करणारा पंचविशीतला मुलगा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच, शिडशिडीत माणूस चालत होता. तो धोंडिराम, मालनबाईंचा नवरा. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मालनबाईंनी हाताला धरून त्याला खाटेवर बसवलं, डाव्या बाजूला पाण्याचा तांब्या आहे म्हणून बजावलं आणि पेपर उघडला.

"भांडुपला दोन दिवस पाणी कमी येणार आहे," त्या खरखरत वाचायला लागल्या.

"मोठ्याने वाच."

"घसा बसलाय ना."

"मग हळू वाच, पण गाळू नकोस. काल तू अर्धी बातमी गाळलीस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू काही गाळायचं ठरवलंस की आधी श्वास मोठा घेतेस."

मालनबाई खुदकन हसल्या आणि त्यांना खोकला आला. धोंडिरामने अंदाजाने हात पुढे केला तो बरोबर त्यांच्या पाठीवर पडला. मी बघत राहिले. त्या घरात दारात सायकल लावलीय की नाही, चहा किती गरम आहे, कोण आलंय, कोण गेलंय, आभाळ भरून आलंय का, हे सगळं त्या माणसाला एका बाईच्या तोंडून कळत होतं. पेपर तर रोजचाच होता.

मी विकीला खुणेने बाहेर बोलावलं.

"आईला का नाही सांगितलंस रे?"

"मॅडम, माझ्या मावशीला सांगितलं होतं. तिने ऐकूनच हाय खाल्ली. जेवण सोडलं, कोणाशी बोलायची नाही, गेली. आईचं तसं झालं तर? डॉक्टरपण म्हणाले, ऑपरेशनशिवाय रस्ता नाही. मग कशाला तिला टेन्शन?"

"आणि नंतर ती बोलणार कशी?"

"पाटी देणार म्हणाले. लिहून दाखवेल. आई सातवी शिकलीय, अक्षर मस्त आहे तिचं."

"कोणाला दाखवेल?"

"आम्हाला. मला, आणि..." तो थांबला. आतून धोंडिरामचा आवाज येत होता, पुढे वाच म्हणून. विकीने वॉर्डाच्या दाराकडे बघितलं, मग खाली बघितलं. 

त्या पोरावर मी चिडले नाही. आईच्या काळजीने त्याचंच पाणी पाणी झालेलं होतं. राग आला तो आम्हा सगळ्या शिकल्यासवरल्यांचा. त्या बाईचं रक्त तपासलं, साखर तपासली, हृदय तपासलं, गळ्याचा तुकडा काढून तो तपासला. घरात तिचं ऐकणारा कोण आहे आणि त्याला दिसतं का, एवढा एक प्रश्न कोणाला सुचला नाही. आंधळ्या नवऱ्याच्या बायकोला आम्ही पाटी देणार होतो. विकी वाचून दाखवेल म्हणावं, तर तो सकाळी जातो तो दिवेलागणीनंतर येतो. आणि नवरा-बायकोने आयुष्यभर एकमेकांशी काय पोराच्या तोंडून बोलायचं?

बोलता न येणारी बायको आणि न दिसणारा नवरा एकमेकांशी बोलू शकतात. हाताने बोलतील, स्पर्शाने बोलतील. पण कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे ठरवायला आधी एकदा तरी तोंडाने बोलावं लागतं. ते तोंड उद्या सकाळी बंद होणार होतं आणि ज्या बाईचं ते होतं, तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी तशीच डॉक्टर देवदत्त कर्णिकांच्या केबिनमध्ये गेले. कर्णिक आमचे नावाजलेले सर्जन. माणूस कामाचा, गरीब पेशंटला ताटकळत ठेवत नाही, हे मी आधीच सांगते.

"सिस्टर, ट्यूमर कूर्चेत शिरलाय," ते म्हणाले. "नुसत्या रेडिएशनने भागणार नाही. थांबलो तर तिचा श्वास अडकेल. पटतं ना तुम्हाला?"

"पटतं सर. ऑपरेशनला माझी ना नाही. तिला सांगा, एवढंच म्हणतेय."

"मागे एका बाईला मी सगळं सांगितलं होतं. कागदावर चित्र काढून समजावलं होतं. ती इथून गेली ती गावाला, कुठल्या तरी वैद्याकडे. परत आणली तेव्हा माझ्या हातात काही उरलं नव्हतं. तिला तुमच्या ऑटोनॉमीचा काय उपयोग झाला, सांगा. मला पेशंट जिवंत पाहिजे."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला. ती बाई त्यांना अजून छळत असणार, हे मला कळलं आणि वाईटही वाटलं. पण एकीने चुकीचं ठरवलं म्हणून दुसरीला ठरवूच द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

"तिचा नवरा आंधळा आहे सर."

"मुलगा आहे ना? सही त्याचीच आहे. आणि पुढे व्हॉल्व्ह बसवून आवाज आणता येतो काहींना. बघू नंतर."

"काहींना येतो, काहींना येत नाही. तेही तिला सांगा ना."

"सिस्टर, तुम्ही ट्रेनिंग बघा," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

तेव्हा मला कमिटीची आठवण झाली. तळमजल्यावर लिफ्टशेजारी चकचकीत बोर्ड आहे. नीतिमत्ता समिती, खाली नावं आणि त्याखाली, रुग्णांच्या हक्कांचं व हिताचं रक्षण. मी ऑपरेटरला फोन लावून म्हटलं, एथिक्स कमिटीला जोडून दे. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कोणी त्रास दिला का?" तिला वाटलं, बायकांच्या छळाची तक्रार ऐकणारी कमिटी ती हीच. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, ती डॉक्टरांच्या गणवेशाबद्दल असते. निवासी डॉक्टर म्हणाला, ती तपासणीच्या दिवशी असते. आदल्याच दिवशी या तिघांनी माझ्या पेपरात या प्रश्नाला पूर्ण मार्क घेतले होते. आता हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, तेच मला कळेना.

शेवटी गाठलं डॉक्टर केयूर शेठना, कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. गोड माणूस.

"सिस्टर, आपली कमिटी औषधांच्या ट्रायलसाठी आहे," ते म्हणाले. "कंपनीकडून प्रोटोकॉल आला की आम्ही बसतो. एका पेशंटच्या केसमध्ये आम्ही कसं पडणार?"

"बोर्डावर तर रुग्णांच्या हक्कांचं रक्षण लिहिलंय."

"ते बोर्डावर असतं."

"सर, उद्या सकाळच्या आत एकदा बसा. दहा मिनिटं. बाईंना सांगायचं की नाही, एवढंच ठरवा."

"कोरम होणार नाही ना. वकील मेंबर वांद्र्याला, सोशल वर्कच्या मॅडम सुट्टीवर, आणि सामान्य नागरिक म्हणून जे मेंबर आहेत ते मुलाकडे कॅनडाला गेलेत. पुढची मीटिंग दिवाळीनंतर."

आमच्या कमिटीतला सामान्य नागरिक कॅनडात होता. मी चहा न घेताच उठले.

वॉर्डात आले तेव्हा मालनबाई माझी वाट बघत असल्यासारख्या बसल्या होत्या. "सिस्टर, बघून सांगते म्हणालात. सकाळपासून बघताय."

मी स्टूल ओढून जवळ बसले. गुडघे दुखत होते आणि डोकंही. म्हटलं, "मालनबाई, तुम्हाला खरं काय ते ऐकायचंय, की विकीने सांगितलं तेवढं पुरे? दोन्हीपैकी जे म्हणाल ते मी करीन."

"खरं सांगा."

मी सांगितलं. कॅन्सर आहे, ऑपरेशन का करायला पाहिजे, काय निघणार, काय राहणार, नंतर आवाजासाठी काय काय करता येतं आणि ते जमेलच असं नाही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. हात तेवढा गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"कॅन्सरचं मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "विकी डोळ्यात बघत नव्हता. पण आवाज जाणार, हे..." मग एकदम विचारलं, "सही कोणाची घेतली?"

"विकीची."

"माझ्या गळ्यावर विकीची सही." त्यांचा आवाज आणखी फाटला. "मी काय बेशुद्ध होते? रेशनला माझी सही चालते. गॅसला माझी चालते. वस्तीतल्या बचत गटाची मी अध्यक्ष आहे, बँकवाले माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकवत नाहीत. गळा तेवढा माझा नाही होय? अहो, मला विचारायचं ना. मी इथेच तर बसले होते, तुमच्या समोर."

 ती बाई खरोखर इथेच बसली होती. सगळे तिच्या समोरून येऊन जाऊन होते, आणि तिच्या डोक्यावरून तिच्याबद्दल बोलत होते.

संध्याकाळी धोंडिराम आला तेव्हा त्यांनी विकीला बाहेर पाठवलं आणि पडदा ओढायला लावला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कोणाला माहीत असायचं कारणही नाही. पडदा सरकला तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. मालनबाईंनी माधुरीला जवळ बोलावलं. "उद्या माझं ऑपरेशन नाही करायचं. मी घरी जातेय. उद्याच कागद तयार करा."

माधुरीचा चेहरा पांढरा पडला आणि कर्णिकांना फोन गेला.

आता कमाल बघा. एका पेशंटसाठी दिवाळीनंतरशिवाय न जमणारी कमिटी दुसऱ्या दिवशी सकाळी जमली. वकीलसाहेब वांद्र्याहून आले, सोशल वर्कच्या मॅडमनी सुट्टी मोडली, कॅनडातले सामान्य नागरिक पडद्यावर येऊन बसले. तक्रार कर्णिकांची, तेही येऊन बसले. विषय, म्हापसेकर सिस्टरचं अनैतिक वर्तन. नातेवाईकांचा विश्वासभंग केला, उपचारात अडथळा आणला, पेशंटचा जीव धोक्यात घातला. एका पेशंटच्या केसमध्ये न पडणारी कमिटी त्याच केसमध्ये आता गळ्यापर्यंत बुडाली होती, फक्त मला बुडवायला म्हणून.

मी सगळं ऐकून घेतलं. केयूर शेठ म्हणाले, "सिस्टर, तुमचा हेतू चांगला असेल, पण पद्धत असते."

"कुठली पद्धत सर? मी तुमच्याकडेच आले होते."

"ते आज विषयपत्रिकेवर नाही."

तेवढ्यात दार उघडून माधुरी आत आली. तिने कोणाकडे न बघता एका दमात सांगितलं, "सर, पेशंटला काही बोलायचंय. मी घेऊन आलेय." आणि तिच्यामागून मालनबाई आल्या, घरच्या साडीत, हाताला धोंडिराम, मागे विकी मान खाली घालून.

"मी घरी चाललेय," मालनबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "पण ऑपरेशन मी करून घेणार आहे. पुढच्या आठवड्यात येते. डॉक्टर, एवढं थांबलं तर चालेल का, ते मला सांगा. मला, विकीला नको."

कर्णिक जरा गडबडले. "आठवडा चालेल. त्याहून जास्त नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं तर मग. शेवटी निर्णय तोच ना? सिस्टर, तुम्ही मिळवलंत काय? आठवडा वाया."

"वाया कसा?" मालनबाई म्हणाल्या. "ह्यांना दिसत नाही. ऑपरेशननंतर मला बोलता येणार नाही. आम्ही घरी बसून खुणा ठरवणार आहोत. मी हात असा धरला की चहा, असा धरला की दुखतंय. ते मला तोंड आहे तोवरच समजावता येईल ना? आज सकाळी तुम्ही मला कापलं असतं तर मी शुद्धीवर येऊन ह्यांना काय सांगितलं असतं, आणि कसं?" त्यांना धाप लागली. धोंडिरामने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मला आधी विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं डॉक्टर. जीव मलाही प्यारा आहे. पण तुम्ही चोरून घेत होता."

 पडद्यावरचे सामान्य नागरिक कानाला हात लावून म्हणत होते, "मला आवाज येत नाहीये. बाई काय बोलल्या, कोणी सांगेल का?" त्यांना कोणी सांगितलं नाही.

कमिटीने दोन ठराव केले. एक, म्हापसेकर सिस्टरची ट्रेनिंगमधून लिनन स्टोअरला बदली. दोन, यापुढे पेशंटला आजाराची पूर्ण माहिती द्यावी, नातेवाईकांची परवानगी घेऊन. दुसरा ठराव मी परत परत वाचला. आपल्याच गळ्याची बातमी ऐकायला बाईने पोराची परवानगी आणायची. हे लिहिताना त्यातल्या एकाचाही हात अडखळला नाही, याचा संताप मला आजही येतो.

रविवारी मी भांडुपला त्यांच्या घरी गेले. टेंभीपाड्याचा चढ माझ्या गुडघ्यांना झेपणारा नाही, तरी गेले. दार उघडंच होतं. दोघं जमिनीवर समोरासमोर बसली होती. मालनबाईंनी तोंडावर पदर धरलेला आणि हात धोंडिरामच्या मनगटावर.

"चहा," धोंडिराम म्हणाला.

त्यांनी मान हलवली, मग त्याला दिसत नाही हे आठवून मनगटावर चापट मारली.

"चहा नाही? मग पाणी. नाही? मग काय, जेवण?"

"अहो, कोणीतरी आलंय म्हणतेय मी," मालनबाई वैतागून म्हणाल्या. "दोन बोटं म्हणजे कोणीतरी आलंय. काल ठरलं ना आपलं."

"बोललीस. हरलीस," धोंडिराम म्हणाला आणि खदखदून हसला.

विकी कोपऱ्यात कांदा चिरत बसला होता. कामावर सुट्टी टाकली होती त्याने. मला म्हणाला, "सारखं हेच चालू आहे मॅडम. मलापण शिकवतायत." तो आता आईच्या डोळ्यात बघत होता.

त्यांनी मला सगळ्या खुणा दाखवल्या. दुखतंय, पुरे, उकडतंय, विकी आला, खोटं बोलू नका. एकदा त्यांनी धोंडिरामचा हात धरून आपल्याच छातीवर थोपटला. हे काय, मी विचारलं. "ते डॉक्टरांसाठी आहे," धोंडिराम म्हणाला, आणि दोघंही हसली. पुढे काही सांगेनात.

ठरल्या दिवशी त्या आल्या. या वेळी माधुरीने कागद त्यांच्या हातात दिला, शेजारी बसून ओळन् ओळ वाचून घेतली आणि सही त्यांची घेतली. ठळक, सरळ रेषेतली सही, मालन धोंडिराम उबाळे. ऑपरेशन चांगलं झालं. कर्णिकांचा हात चांगला आहे, हे मी आधीच म्हटलंय.

काही दिवसांनी मी चादरींचा गठ्ठा घेऊन वॉर्डात गेले तेव्हा कर्णिकांचा राउंड चालू होता. मालनबाई उशीला टेकून बसल्या होत्या, गळ्याला पट्टी, त्यात नळी. एका बाजूला धोंडिराम, दुसऱ्या बाजूला विकी. कर्णिकांनी जखम बघितली, समाधानाने मान हलवली आणि सवयीने विकीकडे वळले.

"काय रे, आई झोपते का नीट? दुखतंय का तिला?"

विकीने तोंड उघडलं आणि मिटलं. मालनबाईंनी धोंडिरामचा हात शोधून घेतला आणि तो आपल्या छातीवर थोपटला.

धोंडिरामने डॉक्टरांच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ती म्हणतेय, मला विचारा."